आधी विचारा, कोक कुठून येणार? सीमाभागातील इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातील मराठी शाळांमधले इतिहास व भूगोलाचे शिक्षक-शिक्षिका

स. न. वि. वि.

फाउंड्री (लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना) बघायला बेळगावच्या उद्यमबागेत येणारी मुले एक प्रश्न हमखास विचारतात. लोखंडाचे खनिज होसपेटला आहे, गोव्यात आहे, घाटाखाली रेडीला आहे. बेळगाव या सगळ्यांच्या मधोमध, मग इथे पोलादाचा कारखाना का नाही? प्रश्न चांगला आहे. पण त्याचे उत्तरही मुलेच लगेच म्हणून दाखवतात: कच्च्या मालाचे सान्निध्य, पाणी, मजूर, बाजारपेठ, वाहतूक. पाचही कारणे खरी, फक्त कुठल्या कारणाचे वजन किती, हे त्यात कुठेच येत नाही. आणि या धंद्यात सगळा खेळ वजनाचाच आहे.

उसापासून सुरुवात करावी असे आम्ही सुचवतो. निपाणी-संकेश्वर पट्ट्यातल्या मुलाला हे शिकवावे लागत नाही की दहा टन ऊस गाळला की साखर टनभराच्या आसपास पडते. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घसरतो. म्हणून कारखाना उसात जाऊन बसतो. मुंबईच्या गोदीत कोणी ऊस गाळत नाही. (कन्नडमध्ये उसाला कब्बू आणि लोखंडाला कब्बिण म्हणतात. मुलांना दोन्ही शब्द येतातच, लक्षात ठेवायला बरे पडते.) आता पोलादाच्या धड्यात उसाच्या जागी आपण लोहखनिज बसवतो. तिथेच हिशोब चुकतो. शेकडो वर्षे ती जागा जळणाची होती: आधी लाकडी कोळशाची, मग कोकची, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशाची.

आपल्याच सह्याद्रीत बघा. महाबळेश्वरपासून कोल्हापूरच्या घाटमाथ्यापर्यंत धावड लोक जांभ्यातले खनिज वितळवून लोखंड काढत. जांभा कुठे नाही? पण भट्ट्या रानातच. लाकूड ढिगात किंवा खड्ड्यात कोंडून जाळले तर पाच-सहा टन लाकडातून टनभर कोळसा हाती येतो, आणि तो इतका ठिसूळ की दोन-तीन कोस गाडीत हिंदकळला की बराचसा चुरा. चुरा भट्टीत गेला की भात्याचा वारा वर चढत नाही, मधला थर थंड पडतो आणि लोखंड मळीत (वितळलेल्या दगड-राखेच्या गाळात) अडकून गोळा होऊन बसते. त्यामुळे खनिज रानापर्यंत वाहून नेणे परवडे, कोळसा खनिजापर्यंत नेणे परवडत नसे. आसपासचे रान विरळ झाले की भट्टी पुढच्या रानात. गुऱ्हाळासारखाच प्रकार, छोटा आणि विखुरलेला. पुढे वनखात्याचे निर्बंध आले, बंदरांतून विलायती लोखंड घाटावर चढू लागले आणि या भट्ट्या विझल्या. तोपर्यंत जांभ्यातले खनिज काही संपले नव्हते.

मग त्याच काळात दख्खनचे पोलाद इराणपर्यंत कसे जात होते? कारण जाताना ते जळण मागे ठेवून जात होते. म्हैसूरकडे, तमिळ मुलखात आणि तेलंगणात मातीच्या बंद मुशीत घडीव लोखंडाचे तुकडे घालत, सोबत तरवडाचे वाळलेले लाकूड, वर रुईची पाने, आणि तोंड मातीने लिंपून मूस तासनतास तापवत. लाकडापानांतला कार्बन लोखंडात मुरे आणि मुशीच्या तळाशी किलोभराच्या आसपासचा गोळा मिळे. युरोपीय लोक त्याला ‘वूट्झ’ म्हणू लागले; हा शब्द कन्नड ‘उक्कू’वरून गेला असे बहुतेक अभ्यासक मानतात. कोनसमुद्रमला, म्हणजे आजच्या निजामाबादकडे, इराणी व्यापारी माल घ्यायला येत. लमाणांच्या तांड्यातला एक बैल पाठीवर साधारण शंभर किलो नेतो, म्हणजे शंभरेक गोळे. तेवढ्या गोळ्यांसाठी जाळलेला कोळसा न्यायचा म्हटला असता तर बैलांची रांगच लागली असती. माल हलका आणि महाग असेल तर तो कुठेही जातो. जळण मात्र जागचे हलत नाही.

इंग्लंडमध्येही लाकडी कोळशाच्या दिवसांत भट्ट्या अशाच रानोमाळ पसरलेल्या होत्या. १७०९ साली कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बीने दगडी कोळशाचा कोक करून त्यावर लोखंड काढले, हे पाठ्यपुस्तकात असते. नुसता दगडी कोळसा का चालत नव्हता, हे नसते. त्यातले गंधक लोखंडात उतरते आणि ते लोखंड लालभडक असताना घणाखाली तडकते. कोळसा हवा न लागू देता भाजला की वायू आणि बरेचसे गंधक निघून जाते आणि उरतो तो कोक टणक, सच्छिद्र असतो. टणकपणाचा फायदा गंधक जाण्याहून मोठा. लाकडी कोळशावर खनिजाचे उंच थर रचले तर तो खाली चिरडतो. कोक तो भार पेलतो. म्हणून भट्टी उंच झाली, आणि उंच झाली म्हणून मोठी.

पण सुरुवातीच्या कोक-भट्ट्या खादाड होत्या. ग्लासगोजवळच्या क्लाइड कारखान्याची नोंद प्रसिद्ध आहे: १८२९ साली एक टन बिडाला (भट्टीतून निघणाऱ्या ओतीव लोखंडाला) आठ टनांहून थोडा जास्त दगडी कोळसा लागत होता. नीलसनने भट्टीत फुंकायची हवा आधी तापवून घ्यायची युक्ती काढली (पेटंट १८२८चे). १८३० साली आकडा पाच टनांवर आला आणि १८३३ला, हवा आणखी तापवून व कोकऐवजी थेट कोळसा वापरून, सव्वादोन टनांवर. हे तीन आकडे फळ्यावर लिहून मुलांना विचारा: टनभर लोखंडाला आठ टन कोळसा आणि तीन-साडेतीन टन खनिज लागत असेल, तर कारखाना कुठे बांधाल? कोळशाचा आकडा सव्वादोनवर आला, तर? दुसऱ्या प्रश्नावर वर्गात वाद झाला पाहिजे. खुद्द उद्योगाला तो वाद पुढची शंभर वर्षे पुरला.

त्या वादात खनिजच हलले. अमेरिकेत मेसाबी डोंगररांगेतले खनिज १८९२पासून जहाजांत भरून सरोवरांतून एरीच्या काठापर्यंत आणि तिथून रेल्वेने पिट्सबर्गला जाई, कारण कोक कॉनेल्सव्हिलचा, पिट्सबर्गच्या शेजारचा. परतीच्या जहाजांत कोळसा भरला जाई, रिकामी फेरी वाचे. वेल्समध्ये डाउलाइस नावाचा कारखाना डोंगरात, जवळच्या खनिजाच्या आणि कोळशाच्या जिवावर उभा होता. बेसेमरच्या पोलाद करण्याच्या पद्धतीला फॉस्फरस कमी असलेले खनिज लागते. ते स्पेनच्या बिलबाओहून समुद्रमार्गे येऊ लागले. बंदरात उतरवलेला दगड डोंगरावर चढवून वितळवायचा आणि पोलाद पुन्हा बंदरात आणायचे, हा उलटा धंदा किती दिवस चालणार? १८९१ला त्याच कंपनीच्या भट्ट्या कार्डिफच्या किनाऱ्यावर पेटल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने हेच टोकाला नेले: खनिज परके, कोळसा परका, कारखाने धक्क्यालगत. त्या खनिजात आपल्या गोव्याचा वाटा होता.

आता भारत. मद्रासच्या दक्षिणेला पोर्टो नोव्होला जोशिया हीथने १८३०च्या दशकात लाकडी कोळशावर मोठा कारखाना काढला. सेलमकडचे खनिज उत्तम होते, पण कोळशासाठी दरवर्षी जास्त लांबच्या रानात जावे लागे आणि तो खर्च मानगुटीवर बसला. जमशेटजी टाटांची पहिली नजर गेली ती महाराष्ट्रावर, चंद्रपूरच्या लोहाऱ्यावर: खनिज भारी, जवळच वरोऱ्याची कोळसा खाण. अडले ते एवढ्यावरच की वरोऱ्याच्या कोळशाचा कोक होत नाही. भट्टीत बांधून राहील असा घट्ट कोक सगळ्याच कोळशाचा होत नसतो; आपल्याकडे तो मुख्यतः आजच्या झारखंडमधल्या झरियाच्या पट्ट्यात मिळतो. पुढे प्रमथनाथ बोस यांनी १९०४ला मयूरभंजच्या गोरुमहिसाणी डोंगराची माहिती कळवली आणि साकची गाव (आजचे जमशेदपूर) ठरले. पहिले बीड १९११च्या डिसेंबरात वाहिले.

इथे मुलांकडून एक गणित करून घ्या. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा चुकणार नाही. त्या काळात टनभर बिडाला साधारण १.७ टन खनिज आणि १ टन कोक लागे. १ टन कोकला दीड टन कोळसा धरा. साकचीला खनिज सुमारे ७० किलोमीटरवरून येई, कोळसा सुमारे १८० किलोमीटरवरून. १.७ गुणिले ७० म्हणजे ११९, १.५ गुणिले १८० म्हणजे २७०. एकूण ३८९ टन-किलोमीटर. आता तीच भट्टी बळ्ळारीच्या खाणीच्या तोंडाशी मांडा, खनिजाची वाहतूक शून्य धरा. झरिया तिथून रेल्वेने दीड हजार किलोमीटरहून लांब. कोळसा तिकडेच भाजून नुसता कोक आणला तरी १५००. म्हणजे जवळजवळ चौपट, तेही खनिज फुकटात पायाशी असताना. बेळगावला मांडली तर कोकचे अंतर काही घटत नाही, वर होसपेटहून अडीचशे किलोमीटर खनिज आणायचे: आणखी ४२५. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. चुनखडी आम्ही धरलेली नाही, ती दोन्हीकडे लागते.

मग भद्रावती कशी उभी राहिली? विश्वेश्वरय्यांनी जळणच बदलले. १९२३ला सुरू झालेली ती भट्टी मलनाडच्या लाकडी कोळशावर चालली, खनिज केम्मण्णुगुंडीचे. लाकूड रिटॉर्टमध्ये, म्हणजे बंद भांड्यात, भाजून धुरातून मिळणारी रसायनेही विकायची, अशी योजना होती. पुढे जोगची वीज आल्यावर विजेच्या भट्ट्यांवर बीड काढले. पोर्टो नोव्होला जे जमले नाही ते इथे काही दशके जमले, कारण मागे मलनाडचे जंगल होते आणि सरकार स्वतः मालक होते. हा अपवाद शिकवताना ‘खनिज जवळ होते म्हणून’ एवढ्यावर थांबू नका.

कोकबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण पुस्तकात तो एक शब्द असतो आणि आमच्याकडे तो रोजचा जाच. पुणे-मिरज रेल्वे १९७१च्या सुमारास ब्रॉडगेज झाली. मिरजेच्या दक्षिणेला मीटरगेज राहिली ती १९९०च्या दशकापर्यंत. रूळ बदलतो तिथे डबे पुढे जात नाहीत, माल उतरवून पुन्हा भरावा लागतो. गव्हाचे पोते उतरवले तर गव्हाला काही होत नाही. कोक प्रत्येक उतारचढीला फुटतो. कुपोलाला (फाउंड्रीतल्या लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीला) ढोबळमानाने आतल्या व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढा तुकडा लागतो, म्हणजे ३० इंची कुपोलाला ७५ मिलिमीटरच्या वरचा. त्याहून बारीक चाळून बाजूला काढायचा. वजनाचे पैसे मात्र चुऱ्याचेही दिलेले असतात.

त्यात राख. आपल्या देशी कोकमध्ये राख २५ ते ३० टक्के सहज असायची. ३० टक्के धरली तर दर तीन-सव्वातीन वॅगनमागे एक वॅगन नुसती राख दीड हजार किलोमीटर प्रवास करून यायची. इथे आल्यावर तिची मळी करायला वेगळी चुनखडी आणि मळी वितळवायला पुन्हा कोक. ३०० किलो धातूच्या एका चार्जला (भट्टीत एका वेळी टाकायच्या मालाला) १:८ने, म्हणजे आठ भाग धातूला एक भाग कोक, ३७-३८ किलो कोक टाकतात. राख १२ टक्के असेल तर त्यात जळणारा भाग ३३ किलो, ३० टक्के असेल तर २६. सात किलोंचा हा फरक रसात (वितळलेल्या धातूत) लगेच दिसतो: लॅडलमध्ये (रस ओतायच्या भांड्यात) येतो तेव्हाच मरगळलेला, पातळ भिंतीच्या पंप केसिंगमध्ये कडेपर्यंत पोचत नाही, कास्टिंग अर्धवट. म्हणून असा कोक असला की १:६वर यावे लागते.

तिसरा घोळ पावसाचा. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. उघड्यावर पडलेला कोक दहा टक्के पाणी सहज धरतो. पाण्याने भट्टी थंड होते असा समज आहे, तो अर्धाच खरा. वर चढणाऱ्या गरम धुरातच ते पाणी बरेचसे उडून जाते. बिघडतो तो वजनकाटा. काट्यावर ३८ किलो दिसते, आत कोक ३४च जातो. चार्जमागून चार्ज असे झाले की तळातला कोकचा थर हळूहळू खाली बसतो, धातू हवेच्या झोताच्या फार जवळ वितळतो, सिलिकॉन-मँगनीज जळते आणि रस थंड व कडक येतो. पाच चार्ज होईपर्यंत कळत नाही, कळते तेव्हा तासाभराचा माल गेलेला असतो. जून ते सप्टेंबर कोक पत्र्याखाली ठेवायचा आणि चार्जचे वजन थोडे वाढवायचे, एवढाच इलाज.

हे सगळे सोसूनही इथे फाउंड्री टिकल्या. का, तेही वजनातच आहे. खनिजातून लोखंड काढायला टनामागे टनभर कोक लागत होता. आयते बीड आणि भंगार नुसते वितळवायला टनामागे सव्वाशे ते पावणेदोनशे किलो. सहावा ते आठवा हिस्सा. तेवढा कोक लांबून आणणे परवडते. १९५६पासून १९९२पर्यंत केंद्राचे भाडे-समीकरण धोरण होते, पोलादाचा दर देशभरातल्या रेल्वेस्थानकांवर सारखा. पूर्वेकडच्या खाणीच्या राज्यांचे त्यात नुकसान झाले हे मान्य केले पाहिजे. पश्चिमेकडच्या इंजिनीअरिंग गावांचे फावले, आपलेही. आता बीड गोव्यातून आणि कोप्पळ-होसपेटकडून येते, आणि बऱ्याच जणांनी कुपोला सोडून विजेवरची इंडक्शन भट्टी घेतली आहे. टनाला सहाशे युनिटच्या आसपास वीज लागते. तारेतून येणाऱ्या जळणाचा चुरा होत नाही, ते भिजतही नाही. फक्त जाते, आणि गेली की भट्टीतला रस थिजायच्या आत काढून घ्यावा लागतो.

खानापूर तालुक्यातल्या शिक्षकांना तर धडा शिकवायला फळाही नको. लोंढ्याला स्टेशनाबाहेर उभे राहा. मार्मागोव्याला जहाजातून उतरलेला परदेशी कोळसा कॅसलरॉकचा घाट चढून याच मार्गाने तोरणगल्लूला जातो. तिथल्या विजयनगर पोलाद कारखान्याची पायाभरणी १९७१ची, धातू वाहायला १९९०चे दशक सरत आले; आणि तेव्हासुद्धा कोकिंग कोळसा कमी लागावा म्हणून कोरेक्स नावाची वेगळी पद्धत निवडली गेली. घाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. सपाटीवर टनभर वॅगन ओढायला दोन-तीन किलोंचा जोर पुरतो. या चढावर त्यात २७ किलोंची भर पडते, दहापट ओझे. म्हणून तिथे गाडीला जादा इंजिने लागतात. हजारो किलोमीटर समुद्रातून स्वस्तात आलेल्या कोळशाला पुढच्या सव्वीस किलोमीटरांत किती किंमत मोजावी लागते, हे नकाशावर दिसत नाही. इंजिने मोजली की दिसते.

हेच गणित ॲल्युमिनियमला लावून बघायचे असेल तर यमनापूरचा ॲल्युमिना कारखाना जवळ आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बॉक्साइटचे वजन शुद्धीकरणात निम्म्याहून अधिक घटते, म्हणून ते काम खाणीजवळ टिकले; धातू गाळायला वीज अफाट लागते, म्हणून ते काम स्वस्त विजेच्या मागे गेले.

शेवटी सहलीबद्दल. वर्ग आणायचा तर कुपोला पेटवायचा दिवस आधी विचारून ठरवा, कारण बऱ्याच ठिकाणी कुपोला आठवड्यातून एक-दोनदाच चालतो. सकाळी लवकर आणलेत तर बेडचा (भट्टीच्या तळातला) कोक लावताना दिसेल, रस दुपारनंतर. मुलांना सुती कपडे आणि बंद बूट. नायलॉनचे जाकीट आणि चपला चालणार नाहीत. पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवायच्या, ओल्या फरशीवर रस सांडला तर तो उडतो. रस सोडताना भट्टीच्या तोंडापासून किमान दहा मीटर. चाळणीशेजारी चुऱ्याचा ढीग असतो, तिथे मुलांना दहा मिनिटे थांबू द्या, आणि प्रत्येकाने एक तुकडा हातात घेऊन तो कुठून, किती वेळा उतरून आला असेल ते वहीत लिहावे. भंगाराच्या ढिगाला मात्र हात लावू देऊ नका, त्यात पत्र्याच्या धारदार कडा असतात.

आपली,
उद्यमबागेतील फाउंड्री कामातली मंडळी, बेळगाव